फुकट आणि मुक्त

इंग्रजीतल्या 'फ्री' या शब्दाने आपल्या धंद्यात बराच घोळ घातलाय. मराठीत तसं बरं आहे, फुकट ते फुकट आणि मुक्त ते मुक्त. ज्या गिटवर आपण दिवसातून दहा वेळा कमिट मारतो, ते जन्मलंच मुळी या दोन शब्दांमधल्या भांडणातून.

लिनक्स १९९१ साली सुरू झालं. पुढची दहाएक वर्षं एवढ्या मोठ्या प्रोजेक्टला व्हर्जन कंट्रोलच नव्हतं! लोक लिनस टॉरवाल्ड्सला मेलने पॅच पाठवायचे, तो वाचायचा, पटला तर लावायचा. सीव्हीएस त्याला अजिबात आवडायचं नाही (सीव्हीएसमध्ये ज्यांनी ब्रँच मर्ज केलीये त्यांना कारण सांगायला नको). पण पॅच वाढले, मेलच्या ढिगात हरवायला लागले, आणि लोक वैतागले.

२००२ मध्ये त्याने बिटकीपर घेतलं. लॅरी मॅकव्हॉयच्या बिटमूव्हर कंपनीचं हे टूल. प्रत्येकाकडे स्वतःची पूर्ण रिपॉझिटरी, मर्ज सोपं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना फुकट, पण अटी होत्या: ते वापरायचं असेल तर त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या टूलवर काम करायचं नाही. रिचर्ड स्टॉलमन आणि मंडळींनी आरडाओरडा केला. लिनसचं म्हणणं, काम होतंय ना? आणि खरंच होत होतं, हे मान्य करायला हवं.

मग आला अँड्र्यू ट्रिजेल. सांबा लिहिणारा ऑस्ट्रेलियन. त्याने बिटकीपर कधी वापरलंच नव्हतं, त्यामुळे ती अट त्याला लागूच नव्हती. बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतःचा प्रोग्राम तो लिहायला लागला. मॅकव्हॉय भडकला आणि एप्रिल २००५ मध्ये फुकट वापर बंद झाला. लिनसही आधी ट्रिजेलवरच चिडला होता. त्याच महिन्यात कॅनबेरातल्या एका परिषदेत ट्रिजेलने आपली 'चोरी' सगळ्यांना करून दाखवली: टेलनेटने सर्व्हरला जोडायचं आणि 'हेल्प' टाईप करायचं. सर्व्हरने कमांडची यादीच दिली! :)

लिनसने ३ एप्रिलला गिट लिहायला घेतलं, ७ तारखेला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला, आणि जूनमध्ये कर्नेलची २.६.१२ ही आवृत्ती गिटमधून बाहेर पडली. ही गोष्ट आपल्याकडे 'एका वीकेंडचा चमत्कार' म्हणून सांगतात, ते मला फारसं पटत नाही. तीन वर्षं बिटकीपर वापरल्यामुळे काय हवंय हे त्याला नेमकं माहीत होतं. शिवाय पहिलं गिट माणसांनी वापरावं असं नव्हतंच. जुलैपासून जुनिओ हमानोने ते सांभाळलं, आणि आपण जे गिट ओळखतो त्याचं मोठं श्रेय त्याला आणि त्याच्याबरोबर राबणाऱ्यांना आहे. पण 'वीस वर्षं पॅच तपासले' याची कोणी दंतकथा करत नाही. असो.

भांडणाची खूण गिटच्या रचनेतच दिसते. प्रत्येक कमिटचं नाव म्हणजे त्यातल्या मजकुराचा आणि त्याच्या आधीच्या कमिटचा मिळून काढलेला हॅश. जुन्या इतिहासात एक अक्षर बदललं की पुढची सगळी नावं बदलतात. आणि साधं क्लोन केलं की अख्खा इतिहास तुमच्या डिस्कवर. उद्या कोणी सर्व्हर बंद केला, तर केला.

बिटकीपर पुढे २०१६ मध्ये मुक्त झालं. तोवर घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

गंमत पुढेच आहे. २००८ मध्ये गिटहब आलं, फुकट आणि सोयीचं, आणि सगळे पुन्हा एकाच दारात जाऊन बसले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलर्सना घेतलं. २०१९ च्या जुलैत अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या डेव्हलपरांच्या खात्यांवर बंधनं आली. इराणवाल्यांना जानेवारी २०२१ पर्यंत थांबावं लागलं. त्यांनी क्लोन करून ठेवलेला कोड त्यांच्याकडेच होता, तो कोण काढून घेणार? पण इश्यू, रिव्ह्यूमधले वाद, 'ही ओळ अशी विचित्र का लिहिलीये' याची उत्तरं? ती गिटमध्ये नसतात, गिटहबच्या डेटाबेसमध्ये असतात. तुमच्या टीमच्या बॅकअपमध्ये यातलं काय काय आहे, सोमवारी विचारून बघा.