दर्यावर्दीची घरवापसी

श्रोते हो, लोह्यासारख्या गावी, जेथे दर्या कोणी कामाकाजासाठी पाहिलेला नाही, तेथे खलाशांचा इतिहास सांगावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचे आहे खरे. शेजारी कंधारला राष्ट्रकूटांच्या काळचा तलाव आहे आणि त्याचे नाव 'जगत्तुंग समुद्र', एवढाच काय तो आपला समुद्र! पण आमच्या मते हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. दसरा-दिवाळीनंतर बैलगाडी जुंपून ऊसतोडीला गेलेली आपल्याकडची माणसे याच चैत्र-वैशाखात माघारी येतात. कोकणचा खलाशीही शतकानुशतके याच दिवसांत घरी येत असे, आणि दोघांनाही परत आणणारा धनी एकच, तो म्हणजे पाऊस.

नैर्ऋत्येचा वारा सुटला की शिडाच्या तारवाला अरबी समुद्र बंद होई. म्हणून ज्येष्ठ लागण्यापूर्वी गलबते व मचवे खाडीत घेत, काठावर ओढीत आणि झापांनी शाकारून ठेवीत. आंग्र्यांच्या आरमाराचीही यातून सुटका नव्हती. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत खडक कोरून केलेली गोदी जहाजांच्या अशाच डागडुजीची साक्ष देते. तांडेल असो की साधा खलाशी, गलबत बांधून ठेवले की तो खाचरात उतरे, भाताची लावणी करी. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केला की पुन्हा दर्या. ही विश्रांती होती असे आम्ही म्हणणार नाही, कारण चिखलात वाकून लावणी करणे शीड ओढण्याहून सोपे नसते. पण ती घरची होती, आणि केव्हा मिळणार ते लहान पोरालाही ठाऊक होते.

आगबोटीने हा हिशेब मोडला. वाफेला वाऱ्याची गरज नाही, तेव्हा ऋतूचीही नाही. मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या बोटींवर रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान सारंगाच्या हाताखाली डेकवर राबू लागले, आणि गोव्याची माणसे खानसामे व वाढपी म्हणून चढली. आता घरी जाणे पावसाच्या नव्हे, कराराच्या हाती गेले. १८२३ च्या इंग्रजी कायद्याने हिंदी खलाशांना विलायतेत न सोडता परत हिंदुस्थानात पोहोचविण्याची सक्ती केली. कोणास यात दया दिसेल. आम्हांस तर ही माणसे तिकडे वस्ती करून राहू नयेत, हीच चिंता त्यात अधिक दिसते.

आणि परत आणले ते कोठे? मुंबईच्या धक्क्यावर. तेथून गाव दूरच. करार आषाढात संपला तर कोकण किनाऱ्यावरील बोटी पावसाळ्यामुळे बंद! घाट उतरून चिखलातून चालत जावे, नाही तर मुंबईत पडून राहावे. गोव्याच्या खलाशांनी यावर स्वतःच उपाय काढला. धोबीतलाव व आसपासच्या भागात त्यांनी गावागावांचे 'कूड' उभारले. एका दालनात भिंतीकडेला ओळीने पेट्या, एक वेदी, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, भाडे नाममात्र. बोट सुटेपर्यंत किंवा गावी जाण्याची सोय होईपर्यंत तेच घर. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची हद्द बंद केली, रेल्वेही थांबली, तेव्हा सातासमुद्रांचा प्रवास करून आलेल्या माणसाला कॅसलरॉकच्या पलीकडचे आपले गाव आफ्रिकेहून लांब झाले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावरच ती अडचण सरली.

पुढे कायदे सुधारले. खलाशाला बारा महिन्यांच्या आत घरी परतण्याचा हक्क देणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली अमलात आला, भारताने तो २०१५ साली स्वीकारला. आणि लगेच २०२० उजाडले. साथीमुळे बंदरांनी दारे लावली. वर्षअखेरीस सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवरच अडकले होते. कागदावरचा हक्क धक्क्याला लागलाच नाही. त्याच वसंतात मराठवाड्यातील हजारो ऊसतोड मजूर साखर कारखान्यांभोवतीच्या खोपींत, ऊस संपूनही, घरी सोडण्याच्या हुकुमाची वाट पाहत बसले होते. तो हुकूम एप्रिलच्या मध्यावर निघाला, आणि गाड्या आपल्या वाटेला लागल्या.