मौन आणि पुरावा

ख्रिस्ताच्या ‘अज्ञात’ चरित्रासंबंधीचे अनुबोधपट अलीकडे घरोघरी पाहिले जातात. पेडणे-डिचोलीकडील आमचे विद्यार्थीही ते पाहतात आणि वर्गात विचारतात, “सर, ख्रिस्त हिंदुस्थानात आला होता आणि चर्चने ते लपविले, हे खरे काय?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, असे आम्हांस वाटते.

गोव्यात तर मुळीच नेऊ नये. येथे दडपणूक प्रत्यक्ष घडलेली आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वराला नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे येथे आसरा घ्यावा लागला. शिवछत्रपतींनी १६६८ साली केलेल्या तेथील जीर्णोद्धाराची साक्ष शिलालेख देतो. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, गोव्यात इन्क्विझिशनचा अंमल होता आणि तिचे बहुतेक दप्तर पुढे नष्ट झाले. तेव्हा ‘चर्चने लपविले’ हे शब्द आमच्या मुलांना सहज पटतात, यात नवल नाही.

परंतु हा लपलेला इतिहास उजेडात आला तो कसा? अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली इन्क्विझिशनवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तो उपलब्ध कागदपत्रांच्या आणि त्या तुरुंगात स्वतः दिवस काढलेल्या देलों या फ्रेंच वैद्याच्या वृत्तान्ताच्या आधारे. ज्याला शंका असेल त्याने ती साधने उघडून पाहावीत.

आता दुसरी बाजू पाहू. लूकच्या शुभवर्तमानात येशू बारा वर्षांचा दिसतो आणि त्यानंतर एकदम सुमारे तीस वर्षांचा. मधल्या काळाविषयी ग्रंथ मौन पाळतो. १८९४ साली नोतोविच या रशियन प्रवाशाने ते मौन भरून काढले. लडाखमधील हेमिस मठात येशूच्या हिंदुस्थानातील वास्तव्याची पोथी आपणांस वाचून दाखविली गेली, असे त्याने लिहिले. मॅक्स म्युल्लरने लगेच शंका घेतली; आग्र्याचे प्राध्यापक डग्लस पुढल्या वर्षी हेमिसला गेले, तेव्हा मठाधिपतींनी ती हकीकत साफ नाकारली. पुढे स्वामी अभेदानंदांनी पोथीला दुजोरा दिला खरा, पण तज्ज्ञांच्या तपासणीसाठी ती कधीच पुढे आली नाही. तरीही २००८ साली याच कथेवर अनुबोधपट निघाला. मठ खरा आहे, डोंगर खरे आहेत. म्हणून पोथी खरी ठरत नाही.

आपणही या मोहापासून मुक्त नाही. बाबाराव सावरकरांचे, ख्रिस्ताला हिंदू ठरविणारे पुस्तक १९४६ साली मराठीतच निघाले आणि २०१६ साली पुन्हा छापले गेले. आपल्या अभिमानाला गोड लागणाऱ्या सिद्धान्ताला तर अधिक कठोर कसोटी लावावयास हवी.

आम्ही मुलांना इतकेच सांगतो: पुरावा लपविला गेला असेल, तर लपविणाऱ्याविरुद्धही पुरावा लागतो. नुसते मौन हे कोणाच्याच बाजूचे साक्षीदार नव्हे. शेजारच्या बाकावरील ख्रिस्ती मुलाच्या श्रद्धेविषयी बोलताना हे ध्यानात ठेवणे, हा इतिहासाचा धडा आहे आणि शेजारधर्मही.