बॉनचा अर्ज, बर्लिनचा नकार

एप्रिल उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स लागतात. बाबासाहेबांच्या फोटोखाली पदव्यांची यादी असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. अलीकडे काही ठिकाणी या यादीत आणखी एक ओळ दिसते : 'बॉन विद्यापीठ, जर्मनी येथून डॉक्टरेट'. व्हॉट्सअ‍ॅपवर तर ही ओळ वर्षभर फिरत असते.

ही ओळ खोटी आहे. बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते, पण तिथून पदवी घेतलेली नाही. असे लिहिले की आपल्यातलेच काही जण रागावतात. रागावू नका, आधी पूर्ण वाचा. आपल्या महापुरुषाला खोट्या पदवीची गरज नाही. आणि त्या खोट्या ओळीखाली जो खरा इतिहास गाडला जातो, तो आजच्या आपल्या मुलामुलींना जास्त उपयोगी आहे.

हे आता लिहायचे कारण वेगळे आहे. आमच्या अभ्यासवर्गातली एक मुलगी जर्मन विषय घेऊन बी.ए. झाली. वडील बिगारी काम करतात. तिने जर्मनीतल्या चार विद्यापीठांत जर्मन भाषा आणि साहित्याच्या एम.ए.साठी अर्ज केले आहेत. रोज सकाळी उठली की आधी मेल बघते. घरचे विचारतात, "जर्मन शिकून काय कलेक्टर होणार का?" परवा ती मला म्हणाली, "दादा, नकार आला तर वस्तीत काय सांगू?"

तिला उत्तर द्यायचे म्हणून दोन अर्जांचा इतिहास सांगतो.

१८१८ हे आपल्या ओळखीचे साल

१८१८ म्हटले की आपल्याला १ जानेवारी आठवते, भीमा कोरेगाव आठवते, पेशवाईचा अंत आठवतो. त्याच १८१८ मध्ये प्रशियाच्या राजाने ऱ्हाईन नदीकाठी बॉन विद्यापीठ स्थापन केले. त्याच वर्षी तिथे ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल यांची नेमणूक झाली आणि जर्मनीतले भारतविद्येचे पहिले अध्यासन उभे राहिले. म्हणजे पुण्यात ज्यांच्या कानावर वेद पडू नये अशी व्यवस्था होती, त्यांच्यासाठी नव्हे, पण कुणाही जर्मन पोरासाठी संस्कृतचा वर्ग उघडला गेला.

पुढे ऐंशी-नव्वद वर्षांनीही आपल्याकडे काय होते? भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला शाळेत संस्कृत घ्यायचे होते. ते त्याला घेऊ दिले नाही. त्याला फारसी घ्यावी लागली. हे सगळ्यांना माहीत आहे. पण याच विद्यार्थ्याने पुढे कोलंबियात अर्थशास्त्र आणि इतिहासाच्या ढीगभर अभ्यासक्रमांसोबत प्राथमिक जर्मन आणि फ्रेंचही घेतले, हे किती जणांना माहीत आहे? एक भाषा दारात अडवते, तेव्हा माणूस दुसऱ्या भाषेचे दार शोधतो.

जर्मनच का? त्या काळात अर्थशास्त्र, इतिहास, भाषाशास्त्र यांत जर्मन विद्यापीठांचा दबदबा होता. बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू प्रा. सेलिग्मन स्वतः बर्लिन आणि हायडलबर्गला शिकलेले होते. गुरू ज्या विहिरीचे पाणी प्यायले, तिथवर शिष्याला जायचे होते.

लंडनच्या खोलीतून गेलेला अर्ज

१९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढी शिदोरी होती. २५ फेब्रुवारी १९२१ रोजी त्यांनी प्रशियाच्या शिक्षण मंत्रालयाला अर्ज लिहिला. अर्ज जर्मन भाषेत होता. सोबत जोडलेली स्वतःची माहितीही त्यांनी जर्मनमध्ये, स्वतःच्या अक्षरात लिहिली. बॉन विद्यापीठाच्या दप्तरात ही कागदपत्रे आजही आहेत.

बॉनमध्ये त्यांच्या नावाची नोंद झाली २९ एप्रिल १९२२ रोजी. विषय अर्थशास्त्र. अर्ज आणि नोंदणी यांच्यात चौदा महिन्यांचे अंतर आहे. या चौदा महिन्यांत काय घडले ते पाहा.

जून १९२१ मध्ये त्यांना लंडनची एम.एस्सी. मिळाली. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'चे काम सुरू होते. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास चालू होता. आणि खिसा रिकामा होत होता. १९२० च्या सुरुवातीला वधारलेला रुपया वर्षभरात कोसळला होता. मुंबईचे रुपये लंडनमध्ये पौंड करताना हातात निम्म्याच्या आसपास उरत होते. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसालाच रुपया बुडवत होता. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले. देणगी मागितली नाही. व्याजासह परत करीन असे लिहिले.

इकडे जर्मनीत मार्क घसरत होता. १९२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे ६० मार्क मिळत. १९२२ संपता संपता ते सात हजारांच्या वर गेले. पौंड हाती असलेल्या परदेशी विद्यार्थ्याला तिथे राहणे स्वस्त पडे. चलनाचा अभ्यासक असल्याने हे गणित बाबासाहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

बॉनच्या नोंदणीनंतर बरोबर सातव्या दिवशी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराज गेले. मागच्या बाजूचा एक मोठा आधार कोसळला. त्याच वर्षी बाबासाहेब बॅरिस्टर झाले, ऑक्टोबरात प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर केला. बॉनचे शिक्षण मात्र पुढे सरकले नाही. त्यांचे नाव पटावरून कमी झाले. लंडनच्या परीक्षकांनी प्रबंधात फेरफार मागितले. पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. इथूनच सुधारलेला प्रबंध पाठवला आणि निकालाची वाट पाहिली. डी.एस्सी. मंजूर झाल्याचे कळले तेव्हा १९२३ संपत आले होते.

आणखी एक वाट पाहणे लक्षात ठेवा. कोलंबियाने त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध १९१७ मध्येच स्वीकारला होता. पण छापील प्रती दिल्याशिवाय पदवी द्यायची नाही असा नियम होता. ग्रंथ छापून निघाला १९२५ मध्ये आणि पदवी रीतसर मिळाली जून १९२७ मध्ये. दहा वर्षे! त्या आधी तीन महिने, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन गेला होता. पदवीचा कागद येईपर्यंत बाबासाहेब थांबले असते तर महाड झाले नसते.

बर्लिनमधला दुसरा विद्यार्थी

आता दुसरा अर्ज. तीस वर्षे मागे जाऊ. अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस नावाचा कृष्णवर्णीय तरुण हार्वर्डला शिकत होता. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी स्लेटर फंड नावाची संस्था होती. तिचे प्रमुख होते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेस. १८९० मध्ये वर्तमानपत्रात हेस यांचे म्हणणे छापून आले. युरोपात उच्च शिक्षणाला पाठवण्याजोगा निग्रो तरुण सापडला तर आम्ही पैसे देऊ, पण आजवर आम्हाला फक्त भाषणे ठोकणारे सापडले, असा त्याचा आशय होता.

ओळखीचे वाटते ना? 'लायक उमेदवार मिळाला नाही' हा शेरा आपल्याकडच्या राखीव जागांच्या फायलींवर किती वेळा वाचला आहे!

डु बॉईस यांनी लगेच अर्ज केला. हार्वर्डच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे जोडली. उत्तर आले की ती योजनाच आता राहिलेली नाही. तेव्हा या तेवीस वर्षांच्या पोराने माजी राष्ट्राध्यक्षाला दुसरे पत्र लिहिले. आमच्या समाजात लायक माणूस नाही असा समज तुम्ही देशभर पसरवला, आता योजना मागे घेता, तुम्ही माझी नव्हे तर समाजाची माफी मागायला हवी, असे त्याने बजावले. पुढच्या वर्षी फंडाने ७५० डॉलर मंजूर केले. निम्मे अनुदान, निम्मे कर्ज.

१८९२ मध्ये डु बॉईस बर्लिनला पोहोचले. श्मोलर, वाग्नर, ट्राइच्के यांच्यासारख्या नामांकित प्राध्यापकांच्या वर्गात बसले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या लहान-मोठ्या शेतीवर त्यांनी जर्मनमध्ये प्रबंध तयार केला. श्मोलर आणि वाग्नर त्यांच्या बाजूने होते. पण विद्यापीठाच्या नियमाला हवी तेवढी सत्रे भरत नव्हती. नियमात सूट मिळाली नाही. आणखी एक वर्ष मिळाले असते तर काम झाले असते. त्यासाठी त्यांनी फंडाकडे पुन्हा अर्ज केला. फंडाने नकार दिला. जर्मन डॉक्टरेट तुमच्या समाजात काम करायला कशाला हवी, हा त्या नकारामागचा विचार होता.

डु बॉईस १८९४ मध्ये सर्वांत स्वस्त वर्गाने बोटीतून परतले. पुढच्याच वर्षी हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. ज्या बर्लिन विद्यापीठाने पदवी दिली नव्हती, त्याच विद्यापीठाने, तेव्हा त्याचे नाव हुम्बोल्ट विद्यापीठ झाले होते, १९५८ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते.

या दोन अर्जदारांची गाठ पत्रातून पडली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डु बॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत त्यांनी मागितली, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार होता. डु बॉईस यांनी उत्तर पाठवले. जर्मन पदवी दोघांकडेही नव्हती. तरी जगातल्या दोन सर्वांत मोठ्या दडपलेल्या समाजांच्या वतीने हेच दोघे बोलत होते.

पैसा देणारा विषयही ठरवतो

या इतिहासातून काय घ्यायचे? 'जिद्द ठेवा, यश मिळेल' एवढेच घ्यायचे असेल तर त्यासाठी फ्लेक्स पुरे आहेत. मला दिसते ते असे.

दोघांनाही बुद्धीने अडवले नाही. दोघांनाही वेळेने आणि पैशाने अडवले. आणि पैसा ज्याच्या हातात असतो तो फक्त 'किती' ठरवत नाही, तो 'काय शिकायचे' हेही ठरवू पाहतो. डु बॉईस यांना सांगितले गेले की जर्मन डॉक्टरेट तुमच्या लोकांच्या कामाची नाही.

हे एकोणिसाव्या शतकात संपले असे समजू नका. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. २०२२ मध्ये तिच्या नियमांत बदल झाला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही असे लिहिले गेले. याचा अर्थ काय? आपल्या मुलाने परदेशात जाऊन यंत्रे शिकावीत, जातीचा अभ्यास करू नये. ज्या बॉनमध्ये दोनशे वर्षे भारताचा अभ्यास चालतो, तिथे आपली मुलगी या पैशावर भारत शिकायला जाऊ शकत नाही. संस्कृतच्या वर्गाचे दार बंद करणारा तो शिक्षक आणि हा नियम यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

दुसरा अडथळा खात्याचा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, म्हणून तिथले शिक्षण 'फुकट' आहे असे सांगितले जाते. पण व्हिसासाठी विद्यार्थ्याने वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच गोठवलेल्या खात्यात दाखवायचे असतात. हे दहा लाखांहून जास्त रुपये झाले. बिगारी बाप ते कुठून आणणार? गुणवत्ता यादीत नाव येते आणि खात्यात नाव अडते.

'भाषा-साहित्य शिकून समाजाला काय मिळणार?' असे विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. आर्य वंशाचा सिद्धान्त कुणी उभा केला आणि पसरवला? त्यात जर्मन पंडितांचा मोठा वाटा होता. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तो सिद्धान्त मुळापासून तपासला आणि नाकारला. आपल्या गुलामीची कागदपत्रे ज्या ज्या भाषेत आहेत, त्या त्या भाषेत वाचणारी माणसे आपल्यात हवीत. संस्कृतमध्ये हवीत, फारसीत हवीत, जर्मनमध्येही हवीत. भाषांतर करून देणारा नेहमी आपला असेल याची खात्री कोण देणार?

म्हणून कार्यकर्त्यांना माझे दोन प्रस्ताव आहेत. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा दरवर्षी परदेशी अर्जांचे शुल्क, भाषेच्या परीक्षा आणि कागदपत्रांच्या पडताळणीसाठी बाजूला काढा. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात किती मुलांचे अर्ज जातील याचा हिशेब मंडळाच्या बैठकीत मांडा. आणि २०२२ च्या त्या नियमाविरुद्ध फक्त पोस्ट टाकू नका. आपल्या खासदाराला लेखी विचारा, सभागृहात प्रश्न मांडायला लावा.

आणि त्या मुलीला एवढेच सांगायचे आहे. वस्तीत खरे सांग. चार अर्ज केले, इतक्या ठिकाणी नकार आला, पुन्हा करणार आहे, असे सांग. नकार लपवण्याची रीत ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होकार येतात त्यांची आहे. बॉनमध्ये जे अर्धवट राहिले, ते बाबासाहेबांचे अपयश आहे असे ज्याला वाटते त्याला त्या चौदा महिन्यांचा हिशेब दाखव. आणि मेल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नकोस. अभ्यासवर्गातल्या पोरांना रविवारी जर्मनची मुळाक्षरे शिकवायला घे. पहिला तास येत्या रविवारी, विहारात, सकाळी दहा वाजता. मीही वही घेऊन येतो.

जय भीम!