स्वस्ताईच्या शोधातून आलेले हत्यार

लाकडात खाचा पाडणाऱ्या राउटर यंत्राचे अखंड कार्बाइडचे बिट स्वस्तात मिळाले, म्हणजे सुतार हरखून जातो. परंतु या पदार्थाचा जन्मच मुळी स्वस्ताईच्या शोधातून झाला, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

विजेच्या दिव्यातील टंगस्टनची तार हिऱ्याच्या छिद्रातून ओढून बारीक करावी लागे. हिरा महाग, म्हणून जर्मनीतील दिव्यांच्या कारखानदारांनी त्याला पर्याय शोधण्यास आरंभ केला. टंगस्टन कार्बाइड अतिशय कठीण, पण तितकेच ठिसूळ होते. कार्ल श्रोटर यांनी त्याच्या पुडीत कोबाल्टची पूड मिसळून ती दाबली व भट्टीत भाजली. कोबाल्टने कण सांधले गेले. १९२३ साली पेटंटसाठी अर्ज झाला. १९२७ साली क्रुप कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत हे द्रव्य ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखे’, या नावाने मांडले.

१९२८ साली क्रुप व जनरल इलेक्ट्रिक यांच्यात करार झाला. अमेरिकेतील भाव ठरविण्याचा अधिकार एकाच कंपनीच्या हाती गेला, आणि पौंडाला सुमारे ५० डॉलर असलेली किंमत ४५३ डॉलरवर पोहोचली. १९४८ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने जनरल इलेक्ट्रिकला याबद्दल दोषी ठरविले.

प्लायवुडमधील चिकट द्रव्य पोलादाची धार लवकर बोथट करते. कार्बाइड तेथे टिकून राहते. मात्र मूळचा ठिसूळपणा पुरता गेलेला नाही; फरशीवर पडलेले बिट तडकू शकते. म्हणून भाव विचारणाऱ्या कारागिराने घडणही पारखावी. किंमत कधी गुणाची असते, कधी केवळ कराराची.