वाहनचालनभय : क्रमिक सामना-उपचार

वाहन चालवण्याच्या तीव्र भीतीवर, भीतिदायक प्रसंगांना चढत्या क्रमाने सामोरे जाऊन मात करण्याची वर्तनोपचारातील पद्धती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या बालकावर केलेले उपचार तिचे पूर्वरूप होत. दक्षिण आफ्रिकेतील मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात तिची पद्धतशीर मांडणी केली (पहा : वर्तनोपचार).

ही भीती पुष्कळदा अपघातानंतर उद्भवते (पहा : भयगंड, आघातोत्तर तणाव विकृती). रस्ता टाळल्याने तात्पुरता दिलासा मिळतो आणि त्यामुळेच भीती टिकून राहते. म्हणून रुग्ण व उपचारक मिळून भयश्रेणी आखतात : उभ्या गाडीत बसणे, इंजिन सुरू करणे, मोकळे मैदान, गल्ली, वर्दळीचा रस्ता, शेवटी घाट किंवा द्रुतगती मार्ग. प्रत्येक पायरीवरील अस्वस्थता ० ते १०० या मापात नोंदवतात. अपेक्षित अनर्थ घडत नाही, हा अनुभव पक्का होईपर्यंत तीच पायरी पुन्हा करतात. सोबतीशिवाय न निघण्यासारखे छुपे बचावही सोडावे लागतात. उपचारातील हा एक अवघड भाग होय.

प्रत्यक्ष सरावापूर्वी आभासी वास्तवाचाही उपयोग करतात. चालनकौशल्यच अपुरे असल्यास आधी प्रशिक्षण आवश्यक असते. गुंगी आणणारे औषध घेऊन सराव करणे धोक्याचे आहे.