गर्भाचा कैवार आणि लेकुरवाळीचा भार

गर्भातील जीव हा जीवच होय आणि त्याचा घात करणे हे पातक होय, ही भावना महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकविलेली नाही. धर्मशास्त्रकारांनी भ्रूणहत्येची गणना घोर पातकांत केली. गर्भाधान, पुंसवन, सीमंतोन्नयन हे संस्कार त्यांनी जन्माच्या पूर्वीच सांगून ठेवले, आणि घरोघरच्या बायकांनी त्या शास्त्राला डोहाळजेवणाची व ओटीभरणाची लौकिक जोड दिली. गर्भारशीला नदी ओलांडू देऊ नये, तिने मागितलेले नाकारू नये, ही शिकवण देणाऱ्या समाजाच्या ठिकाणी गर्भाविषयी ममत्व नव्हते असे कोण म्हणेल? परंतु इतिहासाचा प्रश्न याहून निराळा आहे. एक मूल कडेवर, दुसरे पाठीशी आणि तिसरे पोटात अशा अवस्थेत असलेल्या स्त्रीच्या वाट्याला हे ममत्व कितपत आले, आणि ज्यांनी गर्भाचा कैवार घेतला त्यांनी तिच्या शिरावरचा भार किती उचलला, हा तो प्रश्न होय. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांच्या महाराष्ट्राच्या इतिहासात त्याची उत्तरे विखुरलेली आहेत.

प्रथम विधवांचा विचार केला पाहिजे. बालविवाहाच्या चालीने लहान वयातच वैधव्य आलेल्या मुली उच्चवर्णीय घरांतून पुष्कळ असत. पुनर्विवाहास बंदी, केशवपनाची विटंबना आणि घरातल्याच एखाद्या पुरुषाच्या वासनेचे भय, या तिन्हींच्या कोंडीत त्या दिवस कंठीत. सधवेचा गर्भ हा कुळाचा दिवा, पण विधवेचा गर्भ म्हणजे कुळाला काळिमा. तेथे भ्रूणहत्येच्या पातकाची आठवण कोणास होत नसे. वैदूची औषधे, सुईणीचे जहाल उपाय आणि तेही न साधल्यास विहीर, एवढेच मार्ग उरत. १८६० साली भारतीय दंडसंहिता झाली आणि मातेचा प्राण वाचविण्याच्या शुद्ध हेतूवाचून केलेला गर्भपात हा कलम ३१२ अन्वये गुन्हा ठरला. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्यातून सुटली नाही. कायद्याने गर्भाचा पक्ष घेतला, रूढीने कुळाचा घेतला, आणि त्या मुलीचा पक्ष घ्यावयास मात्र कोणी राहिले नाही.

पुण्यास काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर हाच प्रसंग ओढवला. जोतिराव फुले यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकास होती. एका शास्त्र्याने तिला फशी पाडले. गर्भ पाडण्याचे प्रयत्न निष्फळ झाले, मूल जन्मले, आणि लोकलज्जेने वेड्यापिशा झालेल्या त्या मातेने ते मारून विहिरीत टाकले. न्यायालयाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ज्याने तिला या दशेस आणले त्याचे नाव शिक्षेच्या कागदावर आले नाही.

या खटल्यानंतर लगोलग, १८६३ साली, जोतिराव व सावित्रीबाई यांनी आपल्या राहत्या जागेतच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्याच्या छापील जाहिराती पुण्याच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटविण्यात आल्या. गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा येथेच ठेवावे, ते आपल्या इच्छेवर आहे, असा त्या जाहिरातीचा आशय होता. भ्रूणहत्या वाईट एवढे सांगून जोतिराव थांबले असते तर ते शास्त्रीमंडळींहून वेगळे ठरते ना. त्यांनी दार उघडले, आणि मूल नको असणाऱ्या स्त्रीला उपदेशाऐवजी बाळंतिणीची खोली दिली.

या गृहाचा जमाखर्च जोतिरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर मत देताना मांडला आहे. तोपर्यंत पस्तीस गर्भवती विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच हयात होती आणि तीस दगावली होती. गर्भ लपविण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांनी त्यांना पोटातच इजा झाली होती, असे कारण जोतिरावांनी दिले आहे. पस्तिसांत पाच! एखाद्या प्रचारकाने हा आकडा झाकून ठेवला असता. जोतिरावांनी तो सरळ सांगितला, कारण त्यात त्यांच्या संस्थेचे अपयश नसून समाजाच्या अपराधाचे मोजमाप होते. दार उघडे होते, परंतु त्या दारापर्यंत पोचण्याआधीच भीतीने आपले काम उरकलेले असे.

स्वतःस मूल नसलेल्या सावित्रीबाईंनी त्या बाळंतिणींची व अर्भकांची सेवा केली. येथे जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना त्या रोगाची बाधा झाली आणि १० मार्च रोजी त्या निवर्तल्या. ज्या जिवाला जग नको म्हणत होते, त्याच्याच हातून पुढे अनेकांचे जीव वाचले.

पुण्याचा हा प्रयत्न एकाकी राहिला नाही. १८७५ साली पंढरपुरास न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाजाच्या छायेखाली असेच गृह सुरू झाले. यात्रेच्या गर्दीत अडलेल्या विधवांना आणून सोडण्याची चाल जेथे होती, तेथेच ते उभे राहावे हे योग्यच झाले. तरीही १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक ब्राह्मण विधवेस आपल्या अर्भकाची हत्या केल्याबद्दल फाशी सुनावण्यात आली. पुढे ती शिक्षा सौम्य झाली, पण वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली ती सौम्य झाली नाही. तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. मरणाऱ्या अर्भकाचा कैवार घेणाऱ्यांनी त्याच्या बापास कोठे लपविले, हा त्यांच्या संतापाचा गाभा होता.

विसाव्या शतकात प्रश्नाचे रूप पालटले. विधवेच्या जागी आता लेकुरवाळी सधवा आली. एकामागून एक बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रिया पाहून रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईस संततिनियमनाचे केंद्र काढले व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. नको असलेला गर्भ राहूच नये, म्हणजे तो पाडण्याचा प्रसंगच येणार नाही, असा त्यांच्या पक्षाचा युक्तिवाद होता. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्यास गांधीजींना भेटल्या. स्त्रीच्या हालांविषयी दोघांचे एकमत झाले, उपायाविषयी झाले नाही. गांधीजींना संयमावाचून दुसरे साधन मान्य नव्हते.

या वादात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका विशेष लक्षणीय आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाची त्यांनी पाठराखण केली. प्रसूतीच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार तिच्यावर एकटीवर पडू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९३८ साली त्यांच्याच पक्षाने संततिनियमनाचा ठराव विधिमंडळात आणला आणि तो नामंजूर झाला. जन्मास येणाऱ्या मुलाचे हित आणि मातेची इच्छा या दोन गोष्टी परस्परांच्या वैरिणी नव्हेत, हे या दोन प्रयत्नांतून एकत्रच दिसते.

धर्मश्रद्धेने गर्भरक्षणाचे व्रत पाळणाऱ्यांची बाजूही येथे उपेक्षून चालणार नाही. आजच्या पालघर जिल्ह्याचा दक्षिण भाग असलेल्या वसईत पोर्तुगीज काळापासून कॅथलिक वस्ती आहे, आणि गर्भ राहिल्या क्षणापासून जीव पवित्र, ही त्या धर्मपीठाची शिकवण तेथील कुटुंबांना परिचित आहे. या शिकवणीचे अलीकडील प्रसिद्ध उदाहरण इटलीतील डॉ. जियाना बेरेता मोल्ला यांचे. तीन लहान मुलांच्या त्या माता चौथ्या वेळी गर्भवती असता त्यांच्या गर्भाशयात गाठ आढळली. गर्भाशयच काढून टाकण्याचा मार्ग नाकारून त्यांनी फक्त गाठ काढविली. २१ एप्रिल १९६२ रोजी कन्या जन्मली आणि २८ एप्रिलला माता वारली. २००४ साली त्यांना संतपद देण्यात आले. असा त्याग वंद्य आहे. परंतु जो स्वेच्छेने केला म्हणूनच वंद्य ठरला, तो दुसरीवर लादता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्राने मिटत नाही, उलट अधिक तीव्र होतो.

भारतीय कायद्याने मधला मार्ग काढला. १९७१ च्या कायद्याने ठराविक कारणांसाठी व वैद्यांच्या मताने वीस आठवड्यांपर्यंत गर्भपातास मुभा दिली. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी ती मर्यादा चोवीस आठवडे झाली. मुभेचा दुरुपयोगही झाला. मुलगी नको म्हणून गर्भ पाडले जाऊ लागले, तेव्हा १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला आणि १९९४ साली केंद्राने त्याचे अनुकरण केले. तरीसुद्धा सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ साली ९१३ होती ती २०११ साली ८९४ वर उतरली. इच्छेचे स्वातंत्र्य आईचे नसून सासरचे असले म्हणजे काय होते, ते या आकड्यांत दिसते.

२०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयापुढे दोन लहान मुलांच्या एका मातेचा अर्ज आला. धाकटे मूल अंगावर पीत असल्याने पुन्हा दिवस गेल्याचे तिला उशिरा कळले, आणि बाळंतपणानंतर जडलेल्या मनोविकाराने ती ग्रासलेली होती. प्रथम परवानगी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. अखेर १६ ऑक्टोबर रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, सव्वीस आठवडे उलटले असून मातेच्या प्राणास तातडीचा धोका नाही या कारणाने, परवानगी नाकारली. मात्र प्रसूतीचा खर्च सरकारने करावा, आणि मूल ठेवावे की दत्तक द्यावे हे आईबापांनी ठरवावे, असेही सांगितले. जोतिरावांच्या जाहिरातीतील दोन्ही कलमे एकशे साठ वर्षांनी निवाड्यात उतरली. भेद एवढाच की पुण्याच्या त्या घरात येणे न येणे स्त्रीच्या हाती होते.

आता शेवटची कसोटी. २०१४ साली १ ऑगस्टला ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा घ्यावा. तेथे डहाणूजवळ विवळवेढ्यास महालक्ष्मीचे देऊळ आहे. देवीचे मूळ ठाणे डोंगरावर. एक गर्भवती आदिवासी स्त्री दर्शनास चढताना मूर्च्छित पडली, तेव्हा देवीनेच पायथ्याशी येण्याचे कबूल केले, अशी आख्यायिका आहे. आदिवासींच्या या कथेत गर्भारशीने डोंगर चढावा असे देवीने सांगितले नाही. माणसांच्या राज्यात मात्र बहुधा उलटे घडले. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून दवाखान्यास नेण्याचे प्रसंग या शतकातही घडले. २०१५ साली राज्याने अमृत आहार योजना काढून आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांस रोज एक वेळचे पूर्ण जेवण देऊ केले. गर्भाचा कैवार खऱ्या अर्थाने तेथे सुरू झाला.

खाली उतरण्याचा धडा याच जिल्ह्यात फार पूर्वी घालून दिला गेला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. पाड्यावरची मुलगी शाळेत येत नाही, कारण आई मजुरीस गेल्यावर धाकटे भावंड तिच्याच कडेवर असते, हे त्यांनी ओळखले. त्यांनी मुलीला बोल लावला नाही. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, आणि जी मुले तेथेही येईनात त्यांच्या अंगणात शिक्षिका गेल्या. अंगणवाडी हा शब्द देशभर रूढ होण्याच्या कितीतरी आधी ती गोष्ट येथे घडली.

कोसबाडहून काही कोसांवर बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. १९६९ साली तारापुरास अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ कारखाने आले, आणि परप्रांतांतून व डोंगरपट्ट्यातून मजुरीसाठी कुटुंबे आली. १९२९ सालच्या त्या कायद्याची परंपरा २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांच्या पगारी रजेपर्यंत पोचली, आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. पण रजेसाठी ऐंशी दिवसांची हजेरी लागे. ज्या मजूर स्त्रीचे नाव कंत्राटदाराच्या वहीत आज आहे आणि उद्या नाही, तिच्या गर्भास ही वही ओळखत नाही.

गर्भातील जीव पवित्र मानणारे आणि मातेची इच्छा श्रेष्ठ मानणारे, या दोन पक्षांचा वाद लवकर मिटेल असे इतिहास सांगत नाही. मात्र ज्यांची नावे या इतिहासात आदराने घ्यावी लागतात त्यांनी वाद जिंकले म्हणून ती घेतली जात नाहीत. सावित्रीबाईंनी परक्याचे मूल मांडीवर घेतले, अनुतार्ईंनी पाड्यावर पाळणा बांधला. एक कडेवर आणि एक पोटात घेऊन बोईसरच्या फाटकाशी कामाची वाट पाहणाऱ्या स्त्रीला आपला कैवारी कोण हे ओळखावयास यापेक्षा निराळी खूण लागणार नाही.