भंगारातला शक्तिमान पुन्हा उभा करताना : आधी काय करावे, काय टाळावे

लष्कराच्या लिलावातून सुटलेला आणि मग वर्षानुवर्षे झाडाखाली गंजत पडलेला शक्तिमान ट्रक अजूनही कुठे कुठे दिसतो. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर हा फोर-बाय-फोर ट्रक १९५० च्या दशकाच्या अखेरीस जबलपूरला बनू लागला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्याने लष्कराची रसद वाहिली.

सेल्फ मारू नये. बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारणे ही सर्वांत महागडी चूक. बंद इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरून बसतात. जबरदस्तीने फिरवले की रिंगा तुटतात, लायनरवर चरे पडतात. आधी नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल व पातळ ऑइल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे. मग इंजिन हाताने हळूहळू फिरवावे. पूर्ण दोन फेरे अडखळल्याशिवाय झाले तरच पुढे जावे. नोझल परत बसवण्याआधी आतले तेल बाहेर पडू द्यावे. साचून राहिले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

डिझेलची वाट. टाकी उतरवून धुवावी, फिल्टर बदलावेत, पंप व नोझल डिझेल पंपवाल्याकडून तपासून घ्यावेत. लाइनमधली एअर काढल्याशिवाय इंजिन धरत नाही.

चालण्याआधी थांबणे. इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी तयार झाली, असे नव्हे. ब्रेकमधले रबर कडक झालेले असते, पाइप आतून गंजलेले असतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूच्या भेगा पाहाव्यात. चेसिस हातोडीने ठोकून पाहावी. आवाज बद्द आला तर तिथला पत्रा कुजलेला समजावा.

कागद आणि रंग. लिलावाची मूळ कागदपत्रे हाती असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गाडीची नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल आणि ती १२ महिन्यांहून जास्त काळ आपल्या राज्यात ठेवायची असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी आणून नवा नंबर घ्यावा लागतो. बेळगाव, गोवा, इंदूरकडच्या हौशींनी हे आधीच पाहावे. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. त्यामुळे मूळ रंगाचा हट्ट सोडावा लागतो. शक्तिमान रस्त्यावर परत येतो, पण फौजी वर्दी उतरवूनच.